ग्रेटाला खलनायिका ठरवण्यापूर्वी

सांजवात : काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या कथेवर (कमावता ग्रेगॉर झाम्झा एका सकाळी किळसवाणा किडा होऊन उठतो, त्याला खोलीत कोंडले जाते आणि अखेर घरच्यांना तो नकोसा होतो) लिहिताना ‘रोखठोक’ यांनी काल निकालच देऊन टाकला की, ग्रेगॉर झाम्झाच्या घरचे सगळे पैशाचे सोबती होते आणि त्यांत बहीण ग्रेटा सर्वांत नीच. हे वाचून राहवले नाही. सुरुवातीला ग्रेगॉरच्या खोलीत रोज पाऊल टाकणारी ती एकटीच होती आणि भावाला दूध नकोसे झाले हे ओळखून, जुन्या वर्तमानपत्रावर शिळी भाजी, हाडे व चीज मांडून त्याला काय रुचते हे पाहणारीही तीच होती. तेव्हा तिचे वय सतरा होते. माझ्या सासूबाई अकरा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. ‘आता सुटल्या तर बरे’ असे मी मनात किती वेळा म्हटले, ते मलाच ठाऊक. ग्रेटाने ते सर्वांदेखत म्हटले.

रोखठोक : आपल्या सेवेबद्दल आदर आहे, पण कथेत हिशेबही आहे. ग्रेगॉर पाच वर्षे एकही दिवस आजारी न पडता आईवडिलांचे कर्ज फेडत राबला आणि वडिलांनी बुडीत धंद्यातली काही रक्कम, शिवाय त्याच्याच पगारातली शिल्लक, गुपचूप बाजूला ठेवली होती. ते पैसे कर्जात भरले असते तर तो त्या नोकरीतून लवकर सुटला असता. काफ्काने कथा लिहायला घेतली १९१२च्या नोव्हेंबरात. त्याच्या आदल्याच महिन्यात, घरच्या कारखान्यावरून झालेल्या भांडणात, त्याच्या लाडक्या बहिणीने, ओटलानेही, काफ्काविरुद्ध आईवडिलांची बाजू घेतली होती. आमचे काका बावीस वर्षे आखातात होते. ते कायमचे परतले तेव्हा त्यांच्या खोलीत धान्याच्या कोठ्या लागल्या होत्या आणि त्या हलवायला कोणी तयार नव्हते.

कानामात्रा : दोघांनीही ग्रेटा मराठीतून वाचलेली दिसते. ग्रेगॉरचे ‘झुरळ’ झाले म्हणतात, पण तो शब्द मूळ जर्मनमध्ये नाही. काफ्काने ‘उंगेत्सीफर’ लिहिले, म्हणजे कोणतीही ओंगळ, उपद्रवी जीवजात. आणि १९१५ साली प्रकाशकाला स्पष्ट कळवले की मुखपृष्ठावर तो कीटक काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका.

रोखठोक : काका धान्याच्या कोठ्यांशेजारी निजले आणि आपण शब्दकोश उघडून बसलात!

कानामात्रा : शब्दकोशातच आपली ग्रेटा अडकली आहे, साहेब. ‘त्याला घालवलेच पाहिजे’ असे ती म्हणते तेव्हा जर्मनमध्ये सर्वनाम नपुंसकलिंगी आहे. ‘किडा’ म्हटले की मराठीत ‘तो’ येतो आणि भाऊ भाऊच राहतो.

सांजवात : मग ‘झुरळ’ काय वाईट? ‘ते झुरळ’. आपण ज्याला चूक म्हणता, त्या शब्दाने निदान लिंग तरी सांभाळले.

कानामात्रा : हे मला सुचले नव्हते, हे नाइलाजाने मान्य करतो. तरीही ‘जनावर’ अधिक नेमके, कारण ग्रेटाने त्या प्रसंगी वापरलेला जर्मन शब्द त्याच्या जवळचा आहे.

सांजवात : आमच्या गावी ‘जनावर निघाले’ म्हटले की लोक काठी घेऊन साप शोधतात.

रोखठोक : आपण दोघांनी सर्वनामाचे श्राद्ध उरकले असेल तर शेवटाकडे या. ज्या दिवशी मुलगा मेला त्याच दिवशी कामावर रजेच्या चिठ्ठ्या पाठवून तिघे ट्रामने गावाबाहेर फिरायला जातात, नव्या घराचे बेत करतात आणि आईवडिलांना मुलीचे लग्न सुचते. ग्रेटा निर्दोष असेलही, आपण इतके सांगता तर असेल. परंतु त्या ट्रामचे काय?

सांजवात : सासूबाईंचे तेरावे झाल्यावर आठव्या दिवशी आम्ही चौघे महाबळेश्वरला गेलो होतो. मुलांना कितीतरी वर्षांनी आईवडील एकाच वेळी घराबाहेर दिसले. आता मला ‘ती’ म्हणायचे की ‘ते’, हे आपण ‘कानामात्रा’ यांना विचारून ठरवा.