टाकीचा आवाजही नको आणि फरशीवर पाणीही नको: ओव्हरफ्लोच्या पाईपबद्दल सल्ला हवा

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे, ४ फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे साधारण २५५ लिटर. खाली कपाटात ३ फुटी संप, म्हणजे फिल्टरची खालची टाकी: वरचं पाणी त्यात उतरतं, पंप ते परत वर चढवतो. दोन क्लाउनफिश, चार डॅमसेल आणि काही गोगलगायी. आत्तापर्यंत काचेवर अडकवायचा सायफन बॉक्स वापरत होतो. गेल्या महिन्यात रात्री लाईट गेली, तासाभराने आली, पंप सुरू झाला. पण बॉक्सच्या यू-नळीत हवा भरलेली, सायफन काही धरेना, पाणी खाली उतरेना. पंप मात्र इमानेइतबारे पाणी वर चढवत राहिला. पहाटे आई चहा ठेवायला उठली ती थेट पाण्यात. खालच्या काकांच्या छताला डाग पडला, त्यांचं रंगकाम मी करून दिलं.

आता नवीन टाकी करतोय, मागच्या काचेला भोकं पाडूनच. आई-बाबा त्याच हॉलमध्ये झोपतात, त्यामुळे घळघळ चालणार नाही. मी सोमवार ते शुक्रवार चिपळूणला असतो, काही बिघडलं तर बाबांनाच बघावं लागणार. पाईप, कनेक्टर, व्हॉल्व्ह सगळं मिळून ३००० पर्यंत बसवायचंय. पंप आहे, नवा घेणार नाही. वरचं पाणी संपात उतरवायच्या पाईपांच्या (ओव्हरफ्लोच्या) रचनांची ड्युर्सो, हर्बी आणि बीनॲनिमल अशी तीन नावं वाचली. कुठलं करू?

जांभाचिरा
संप हवाच कशाला? कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर लावा, भोक नाही, ओव्हरफ्लो नाही, भानगड नाही. माझा १४ वर्षं चालू आहे.

खाडीकाठचा
@जांभाचिरा, तुमची टाकी गोड्या पाण्याची ना? मला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) ठेवायला संप लागतो.

जांभाचिरा
हो, गोड्या पाण्याची. तत्त्व तेच.

वेलदोडा
माझ्याकडे ड्युर्सो होता, म्हणून अनुभवाने सांगते. उभ्या पाईपच्या डोक्यावर टी, टीच्या आडव्या तोंडाला खाली वळवलेला एल्बो, वर टोपी आणि टोपीला हवेचं बारीक भोक. सगळा खेळ त्या भोकाचा आहे. भोक लहान पडलं की पाईप मध्येच सायफन धरतो, कप्पा (टाकीतलं पाणी आधी ज्यात सांडतं तो) उपसून काढतो, मग हवा ओढतो, पुन्हा भरतो. दर दोन मिनिटांनी कोणीतरी संडासात फ्लश ओढतंय असं वाटायचं. पाहुण्यांसमोर लाज आणली मेल्याने. भोक मोठं झालं की नुसतीच गुळगुळ. शेवटी सलाईनच्या नळीचा चिमटा लावून हवा कमीजास्त केली तेव्हा कुठे गप्प बसला.

नळदुरुस्ती
घळघळ होते ती पाणी आणि हवा एकाच पाईपमधून उतरतात म्हणून. पाईप पूर्ण पाण्याने भरलेला असेल तर आवाज येतच नाही. हर्बीत तेच केलंय. दोन पाईप. पहिला कायम बुडलेला, त्याच्या खालच्या टोकाला गेट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह इतका आवळायचा की कप्प्यातली पातळी दुसऱ्या पाईपच्या तोंडाखाली स्थिर राहील. दुसरा पाईप कोरडा, आणीबाणीचा. त्याला व्हॉल्व्ह लावायचा नाही म्हणजे नाही.

बॉल व्हॉल्व्ह घेऊ नका. पाव फिरीत पूर्ण बंद होतो, बारीक सेटिंग जमत नाही. आणि दुकानदार पितळी गेट व्हॉल्व्ह हातात देईल तो परत करा. खाऱ्या पाण्यात पितळेतलं तांबं उतरतं, गोगलगायी आधी जातील.

फुकटसल्ला
३००० मध्ये काय होतं हो? माझा डीसी पंपच १८ हजारांचा आहे. मोबाईलवरून स्पीड बदलतो. इन्व्हर्टरवर वेगळी लाईन ओढलीय.

मालवणचो बांगडो
भावा, मी सांगतंय ता आयक. तीन भोका पाड आणि सुखान झोप. माझ्याकडे बीनॲनिमल असा, तीन वर्सा झाली, एकदाय हात लावूक लागलो नाय.

आता शुद्ध भाषेत. हर्बीची पंचाईत अशी की संपातली पातळी, पंपाचा जोर, पाईपमधला चिखल, काहीही बदललं की व्हॉल्व्ह पुन्हा फिरवावा लागतो. बीनॲनिमलमध्ये सायफन आणि कोरडा यांच्यामध्ये तिसरा उघडा पाईप असतो. त्यातून जेमतेम धार जाते, म्हणून तोही गप्प. जरासं कमीजास्त तो सांभाळून घेतो. त्याच्या हवेच्या नळीचं तोंड कप्प्यात पाण्याच्या जरा वर ठेवायचं. सायफन तुंबला, पाणी चढलं, की नळीचं तोंड बुडतं, हवा बंद होते आणि हा पाईप स्वतःच सायफन होतो. तोही तुंबला तर कोरडा आहेच.

वेलदोडा
+१. पण तीन कनेक्टर, एक गेट व्हॉल्व्ह... बजेट बघा त्यांचं.

आंबोळी
मागच्या काचेला तीन भोकं म्हणजे काच कमजोर. फुटली म्हणजे? आमच्या काचवाल्याने एकच भोक पाडताना काच तडकवली आणि वर म्हणाला, काचेत दोष होता.

नळदुरुस्ती
काच टफन केलेली असणार. टफन काचेला भोक पडत नाही, तिचा चुरा होतो. साधी फ्लोट काच घ्या. भोकं टाकी जोडायच्या आधी, काच आडवी ठेवून, डायमंड बिटने, पाण्याची धार सोडत, जोर न लावता. भोकाच्या व्यासाइतकी तरी जागा काचेच्या कडेपासून सोडा. आणि टँक कनेक्टर (भोकात पाईप बसवायचा जोड) आधी विकत घ्या, तो मोजून मग भोक पाडा. प्रत्येकाचा गळा वेगळा असतो. रबर वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली, बाहेरून फक्त नट.

मालवणचो बांगडो
अजून एक. शेतीचा पाईप ३२ मिमी आणि प्लंबिंगचा १ इंची दिसायला सारखे, पण प्लंबिंगचा बाहेरून ३३.४ मिमी भरतो. मी एकाचा एल्बो दुसऱ्यावर सॉल्व्हंट थापून बसवला होता. आठवडाभर टिपटिप. सगळं सामान एकाच जातीचं घ्या.

कुणकेश्वर
एवढं करताच आहात तर मालवणहून थोडे जिवंत कोरल आणून टाका, मस्त दिसतं.

मालवणचो बांगडो
अजिबात नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. धाग्यावर असले सल्ले देऊ नका.

कुणकेश्वर
बरं, सहज म्हटलं. समुद्राचं पाणी तरी चालतं ना?

वेलदोडा
पावसाळ्यात नको. खाडीच्या मुखाशी जून ते सप्टेंबर निम्मं गोडंच असतं, वर गाळ. मी मे महिन्यात भरून ठेवते. असो, विषयावर या.

दापोलीकर आजोबा
सगळे पाणी खाली जाण्याबद्दल बोलताय. लाईट गेल्यावर काय होतं ते कोणी विचारलं का? २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, टाकीतलं गेलं ते गेलंच. पण रोजच्या लाईट जाण्यात मासे मरत नाहीत, फरशी भिजते. पंप थांबला की वरचं पाणी कप्प्याच्या काठावरच्या दात्यांपर्यंत (पाणी आत सोडणाऱ्या फटींपर्यंत) उतरतं. शिवाय पंपाचा पाईप उलटा सायफन होऊन, त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढतो. तुमच्या टाकीत १ इंच पाणी म्हणजे १४ लिटर. पाईपचं तोंड २ इंच बुडलेलं असेल तर २८ लिटर खाली येणार. संपाची रुंदी सांगितली नाहीत. १५ इंच धरली तर तिथे पातळी सव्वातीन इंच चढेल. तेवढी जागा रिकामी आहे का? नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, मीठ आणि शेवाळ बसून तो उघडाच राहतो. पंपाच्या पाईपचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा, झालं.

दुसरं, सायफन पाईपचं खालचं टोक संपात इंचभरच बुडवा. खोल बुडवलंत तर लाईट आल्यावर आतली हवा बाहेर पडत नाही, सायफन धरत नाही, आणि आणीबाणीचा पाईपच राबत बसतो. आणीबाणीचं टोक मात्र पाण्याच्या वर ठेवा. त्यातून पाणी पडलं की आवाज झालाच पाहिजे.

फुकटसल्ला
इन्व्हर्टर असेल तर यातलं काहीच लागत नाही.

दापोलीकर आजोबा
इन्व्हर्टरची बॅटरी पहाटे तीनला संपते, फुकटराव.

खाडीकाठचा
सगळ्यांचे आभार. आजोबा, रुंदी १५च आहे. संपात दोनच इंच जागा होती, म्हणजे गेल्या महिन्यात सायफन धरला असता तरी कधीतरी पूर आलाच असता. आता पाच इंच सोडतोय.

निर्णय घेतला, रागावू नका. हर्बीही नाही, बीनॲनिमलही नाही. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह इथल्या दुकानांत मिळेना, मागवायचा तर एकटाच १८०० चा. आणि खरी गोष्ट अशी की बाबांना मी फोनवर "व्हॉल्व्ह पाव आटा फिरवा" सांगू शकत नाही. ते आवळतील तो कायमचा. म्हणून ड्युर्सो. सव्वा इंची पाईप, टोपीला वेलदोडाताईंची सलाईनची नळी. शेजारी इंचभर उंच, सरळ उघडा, तसाच सव्वा इंची कोरडा पाईप. उतारावर कुठेही व्हॉल्व्ह नाही. प्रवाहच कमी करणार: पंपाच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह, ५ लिटरची बादली २० सेकंदांत भरेल एवढा, म्हणजे तासाला ९००.

नळदुरुस्ती
ड्युर्सो आवाज करणारच. मागाहून बदलणार तुम्ही. आणि कोरडा पाईप तपासल्याशिवाय झोपू नका. मुख्य पाईपचं तोंड हाताने दाबून धरा, कोरड्याने सगळं पाणी घेतलं पाहिजे.

जांभाचिरा
कॅनिस्टर घेतला असता तर एवढे प्रतिसाद लागले नसते.

खाडीकाठचा
गणपतीनंतर धागा वर काढतोय. खर्च २६४० झाला. हाताने दाबून तपासलं, कोरड्याने सगळं घेतलं. आवाज म्हणाल तर फ्रिजइतका. नळीचा चिमटा जुळवायला दोन संध्याकाळी गेल्या, पहिल्या रात्री वेलदोडाताई म्हणाल्या तसा फ्लश ऐकला.

दीड दिवसांचा बाप्पा गेल्यानंतरच्या रात्री बाबांना जाग आली, संपात धो-धो आवाज. मला फोन. टाकीत पातळी थोडी वर, फरशी कोरडी. ड्युर्सोच्या तोंडात एक गोगलगाय अडकून बसली होती. बाबांनी हाताने काढली आणि झोपले. आता तोंडाला जाळी लावलीय, कोरडा पाईप मात्र तसाच उघडा.

मालवणचो बांगडो
तिसरा पाईप आसतो तर बाबांची झोप मोडली नसती.

दापोलीकर आजोबा
जाळी दर रविवारी घासा. माझी जाळीच तुंबली होती.

कुणकेश्वर
तो जुना सायफन बॉक्स विकायचा आहे का? देवगडला एसटी पार्सलने पाठवलात तर घेईन.