गोल्फची कमाई: लांब ड्राइव्हला किंमतच नाही?

आकडेवेडा: पीजीए टूरच्या (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ मालिका) खेळाडूंच्या वार्षिक कमाईवर रिग्रेशन लावतोय, म्हणजे कमाई कशावर ठरते ते सांगणारं सांख्यिकी समीकरण. चलं चार: ड्राइव्हचं (होलच्या सुरुवातीच्या लांब फटक्याचं) अंतर, फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) सापडल्याची टक्केवारी, ग्रीन इन रेग्युलेशन (होलभोवतीच्या ग्रीनवर ठरलेल्या फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा किमान दोन कमी फटक्यांत, पोचल्याची टक्केवारी) आणि फेरीतले पट (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलणारे फटके). अंतराचा गुणांक जवळजवळ शून्य येतोय, म्हणजे अंतराचा कमाईवर परिणामच दिसत नाही. कुठे चुकतंय?

तिसरा_पट: मांडणीत. ड्राइव्ह लांब गेला की दुसऱ्या फटक्याला सहा नंबरऐवजी नऊ नंबरची आयर्न (जवळच्या, नेमक्या फटक्याची काठी) हातात येते, म्हणून ग्रीन जास्त सापडतात. ग्रीनची टक्केवारी समीकरणात घेतलीत की अंतराचं श्रेय तिच्या खात्यात जमा होतं. शिवाय लांब मारणारे फेअरवेही जास्त चुकवतात, त्यामुळे ती दोन चलं एकमेकांत अडकलेली.

पटसंख्या तर काढूनच टाका. पार-4 वर (चार फटक्यांत संपवायच्या होलवर) एकाचा अप्रोच (ग्रीनकडे मारलेला फटका) ग्रीनबाहेर पडला, त्याने चिप करून (छोट्या उचललेल्या फटक्याने) चेंडू 3 फुटांवर आणला आणि एका पटात संपवलं. दुसरा दोन फटक्यांत ग्रीनवर, पण होलपासून 33 फुटांवर. त्याला दोन पट लागले. दोघांचेही एकूण फटके 4. टूरवर 33 फुटांवरून सरासरी दोनच पट लागतात, म्हणजे दुसऱ्याचं काहीच चुकलं नाही. तुमच्या तक्त्यात मात्र पहिला भारी पटर!

त्याऐवजी स्ट्रोक्स गेन्डचे (टूरच्या सरासरीपेक्षा खेळाडूने किती फटके वाचवले त्याचं माप) चार भाग घ्या: ड्राइव्ह, अप्रोच, शॉर्ट गेम (ग्रीनजवळचे छोटे फटके) आणि पटिंग. हे माप मांडणारे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांच्या विश्लेषणात अव्वल खेळाडूंच्या आघाडीत अप्रोचचा वाटा सुमारे 40 टक्के, ड्राइव्हचा 28, शॉर्ट गेमचा 17, पटिंगचा 15.

आकडेवेडा: मग ‘ड्राइव्ह दिखाव्याला, पट पैशाला’ म्हणतात ते?

बंकरवाला: एका आठवड्यापुरतं बरंचसं खरं. जिंकणाऱ्याचं पटिंग त्या आठवड्यात सहसा चाललेलं असतं. वर्षभरात ते सरासरीवर येतं. 2023 चा स्कॉटी शेफलर बघा: पटिंगमध्ये 162वा, टी ते ग्रीन (पटिंग सोडून बाकी सगळ्या फटक्यांत) पहिला, अधिकृत कमाई 2.1 कोटी डॉलर.

बाकी, कमाईचा आकडा जसाच्या तसा वापरताय हीसुद्धा चूकच. नेहमीच्या स्पर्धेत पहिल्याला एकूण रकमेच्या 18 टक्के, दुसऱ्याला 11 च्या आत, तिसऱ्याला 7 च्या आत; कट (अर्ध्या स्पर्धेनंतरची चाळणी) हुकला की शून्य. दुसऱ्या जागेवर दोघे बरोबरीत आले तर दुसरं-तिसरं बक्षीस एकत्र करून निम्मं-निम्मं. म्हणजे तोच एक फटका वरच्या जागांवर लाखो डॉलरचा आणि चाळिसाव्या जागेवर किरकोळ. स्पर्धांची रक्कमही सारखी नसते. म्हणून प्रत्येक स्पर्धेत खेळाडूने रकमेचा किती टक्का नेला ते काढा, हंगामाची सरासरी घ्या आणि तिचा लॉग (लॉगरिदम) लावा. कट हुकलेल्या स्पर्धाही भागाकारात मोजा, नाहीतर कधी चमकणारे, कधी बुडणारे खेळाडू उगाच श्रीमंत दिसतील.