सिस्टिन चॅपेलच्या दारावरचा याकोब हा तो याकोब नव्हे!

ओला_गिलावा: व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोने येशूच्या पूर्वजांची अर्धगोल चित्रं, म्हणजे कमानी, रंगवल्या. त्यातली एक प्रवेशद्वाराकडच्या भिंतीवर आहे, पिवळ्या वस्त्रात गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्याचं. त्याचा फोटो आणि खाली ओळ, ‘बारा वंशांचा बाप याकोब आणि त्याचा लाडका योसेफ’, अशी पोस्ट फिरते आहे. लोक ती न तपासता पुढे ढकलताहेत, म्हणून हे लिहितो.

ही मालिका मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली येशूची वंशावळ आहे, आणि ती जुन्या करारातल्या याकोबावरून त्याचा मुलगा यहूदाकडे जाते. भावांनी विकलेला योसेफ तिच्यात नाहीच! दाराकडच्या कमानीतल्या नावांच्या पाटीवरचा याकोब म्हणजे मत्तानाचा मुलगा, मरीयेच्या नवऱ्याचा बाप. अब्राहाम, इसहाक, याकोब, यहूदा यांची कमान समोर वेदीच्या भिंतीवर होती. १५३६ मध्ये ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र हाती घेतल्यावर ती आणि शेजारची पेरेस, हेस्रोन, अराम यांची, अशा दोन्ही खुद्द मायकेलअँजेलोनेच पुसल्या. १६ पैकी १४ उरल्या. आज छताखाली अब्राहामाची पाटी शोधू नका.

उत्पत्ती_३७: एवढं चिडण्यासारखं काय आहे? मरीयेच्या योसेफाच्याही बापाचं नाव याकोब, त्यालाही स्वप्नात आदेश मिळतात, तोही मिसरात जातो. मत्तय वाचणाऱ्याला जुना योसेफ आठवावा अशीच ती रचना आहे. दुसरा शुभवर्तमानकार लूक तर या योसेफाच्या बापाचं नाव एली देतो. चित्रकाराने मत्तय निवडला, तेव्हा तो प्रतिध्वनीही आलाच.

ओला_गिलावा: प्रतिध्वनी मान्य. पण फोटोखाली नाव लिहिताना माणूस तोच लागतो. शिवाय पाटीवर नुसती नावं आहेत, कुठलं नाव कुठल्या आकृतीचं याची खूण नाही. क्रमही एका भिंतीने सरळ चालत नाही, वेदीपासून दाराकडे साधारण आलटून पालटून येतो. एक कमान उचलून कथा रचली की घोटाळा होणारच.

रूथची_शेतं: पाट्यांचाच विषय आहे तर हेही बोला. मत्तय तामार, राहाब, रूथ यांची नावं घेतो. पाट्यांवर एकाही बाईचं नाव नाही, आणि चित्रांत मुलांना पाजणाऱ्या, केस विंचरणाऱ्या बायकाच डोळ्यांत भरतात. वंश त्यांनी चालवला, नाव पुरुषांचं.

कोरडा_रंग: नावांवर भांडताय, आणि १९८० ते ८४ मध्ये या कमानी धुतल्या त्यावर कोणी बोलत नाही! त्यासाठी वापरलेला लेप एबी-५७ म्हणजे अमोनियम आणि सोडियम बायकार्बोनेट, बुरशीनाशक, वर घट्टपणासाठी कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज. तीन मिनिटं ठेवायचं, स्पंजाने पुसायचं, पाण्याने धुवायचं, लागलं तर २४ तासांनी पुन्हा. सुकलेल्या गिलाव्यावर सरसात कालवून लावलेला रंग यात टिकेल कसा? इशायच्या कमानीवरच्या त्रिकोणी चित्रातल्या बाईच्या डोळ्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवा. बुबुळं गेली.

ओला_गिलावा: उगाच भीती पसरवू नका. या कमानी मायकेलअँजेलोने आराखडा न छापता थेट रंगवल्या, एकेक कमान साधारण तीन दिवसांच्या गिलाव्यात. ओल्या चुन्यात शिरलेला रंग चुन्याबरोबर दगड होतो, त्याला हे मिश्रण खात नाही. निघाली ती मेणबत्त्यांची काजळी आणि जुन्या दुरुस्तीकारांनी चकाकीसाठी फासलेला सरस. हा सरस सुकताना आखडतो आणि खालच्या रंगाच्या खपल्या ओढतो. तसाच ठेवला असता तर चित्रच गळत राहिलं असतं. हिरव्यातून जांभळ्यात जाणाऱ्या सावल्या दिसल्या त्या धुतल्यावरच.

कोरडा_रंग: सरस काढायला हवा होता, हे मीही नाकारत नाही. पण सगळीकडे एकच लेप, एकच वेळ? कलेतिहासकार जेम्स बेक यांनी या सफाईविरुद्ध ओरड केली तेव्हा त्यांच्यावरच तुटून पडले लोक.

ओला_गिलावा: बुबुळांचं एक तुमचं धरतो. बाकी छताला तेच लावू नका. बुबुळांची ती काळी रेघ नंतरच्या कुणा हाताची असू शकते.

कोरडा_रंग: असू शकते, पण ते ठरवायचं तर रंगाच्या थराचा छेद घेऊन रेघेखाली धूळ आहे की थेट गिलावा, हे बघावं लागतं. रेघच धुवून टाकल्यावर छेद कशाचा घेणार?