विषय: अधिक महिन्यातलं लेक-जावयाचं वाण

प्रेषक: सुनीता

सगळ्यांना नमस्कार,

यंदा, २०२६ साली, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. जावई इथलाच, अमेरिकन. त्याच्या आईशी बोलताना म्हटलं, की या महिन्यात आम्ही लेक-जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण देतो. तिने लगेच विचारलं, "मग आम्ही तुम्हाला काय द्यायचं?" त्यांच्याकडे ख्रिसमसला दोन्हीकडून भेटी असतात, त्यामुळे तिचं विचारणं रास्तच आहे. मला मात्र चटकन उत्तर सुचलं नाही. तिला काय सांगू? आणि अनारसे घरीच करावेत की बत्तासे ठेवले तरी चालतात?

सुनीता, एडिसन (न्यू जर्सी)

प्रेषक: माधुरी

सुनीता,

विहीणबाईंना खुशाल सांग, वाणाची परतफेड नसते. अधिक महिना म्हणजे पुरुषोत्तम मास, विष्णूचा. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा, म्हणून त्यांना दान द्यायचं. दान दिलं, तिथे हिशेब संपला. दिवाळसणाचं वेगळं, तिथे मानपान असतो, आहेर असतो. हे तसं नव्हे.

तेहतीसच का, असं त्या विचारतीलच. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५चं. दरवर्षी मागे पडणारे अकरा दिवस साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना भरतो. तेहतीसचा आकडा त्यावरूनच आला असं सांगतात. म्हणून यंदा दिवाळीसुद्धा नोव्हेंबरात गेली आहे.

एक देणं मात्र उलट दिशेने असतं, आणि मला ते फार आवडतं. या महिन्यात लेक आईची ओटी भरते. खण, नारळ, तांदूळ, जमलं तर साडी. एरवी जन्मभर आईच लेकीची ओटी भरत असते. तुझ्या लेकीला हे आधीच सांगून ठेव, तिलाही काहीतरी करायचं असेल.

आता अनारसे. बत्तासे चालतात, जाळीदार पदार्थ असला म्हणजे झालं. पण पहिला अधिक आहे तर अनारसेच कर. इथे सोना मसुरीचे तांदूळ घे, जुने असतील तर उत्तम. तीन दिवस भिजव, रोज पाणी बदल. मग निथळून सुती कापडावर घरातच पसर. हाताला दमट लागले पाहिजेत पण चिकटता कामा नयेत, तेव्हाच मिक्सरवर दळ आणि बारीक चाळणीने चाळ. खडखडीत वाळले तर पीठ वाया गेलं समज. पिठाइतकाच किसलेला गूळ, चमचा-दोन चमचे तूप, घट्ट गोळे करून डब्यात. आठवडाभर मुरू दे.

थापताना खसखशीवर थाप, तुपात सोडताना खसखस वर. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, मग जाळी फुटते. आच मंदच हवी. अनारसा हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर उरलेल्या गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मिसळ. म्हणून मूठभर पिठी आधीच बाजूला ठेव. कोरडा पडून चिरत असेल तर पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा मळून घे.

माधुरी

प्रेषक: अनिरुद्ध

नमस्कार,

मी जावयाच्या बाजूने लिहितो. माझे सासू-सासरे साताऱ्याला असतात. सासरे पेन्शनवर आहेत आणि तरी दर अधिकात चांदीचं काहीतरी पाठवायचा त्यांचा आग्रह असतो. गेल्या वर्षभरात चांदी कुठल्या कुठे गेली. शिवाय २९ ऑगस्ट २०२५पासून इथे परदेशातून येणाऱ्या पार्सलवरची आठशे डॉलरपर्यंतची ड्युटीची सूट बंद झाली, आता भेट म्हणून आलेली वस्तू शंभर डॉलरपर्यंतचीच असेल तर ड्युटी नाही. म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी चांदीपायी पैसे घालायचे आणि वर आम्ही ड्युटी भरायची.

यंदा मी फोन करून स्पष्ट सांगितलं: बाबा, तिथेच आपल्या देवळात आमच्या नावाने तेहतीस दिवे लावा, फोटो पाठवा. वाण पोचलं. त्यांना आधी पटेना, पण सासूबाईंनी उचलून धरलं. ज्यांचे आईवडील भारतात आहेत त्यांनी हे आपणहून बोलावं. ते स्वतः कधीच म्हणणार नाहीत की परवडत नाही.

अनिरुद्ध

प्रेषक: वैदेही

अनिरुद्धशी शंभर टक्के सहमत. एक भर घालते. माझ्या आईला आम्ही दोघी मुली, पण काकूला दोन्ही मुलगेच. ती मला आणि माझ्या नवऱ्याला वाण देते, पुतणी-जावई म्हणून. यंदा मात्र मी तिला म्हटलं, घरात मुलगा-सून आहेत, त्यांना पाटावर बसव ना. त्या सुनेचे आईवडील हयात नाहीत, तिला कोण बोलावणार? काकू हो म्हणाली. शास्त्रात बसतं की नाही हे मला ठाऊक नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

वैदेही

प्रेषक: सुनीता

सगळ्यांचे मनापासून आभार.

विहीणबाईंना कालच फोन केला. परतफेड नसते हे ऐकून त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "निदान अनारसे करायला मदतीला येऊ का?" मी हो म्हटलं. पीठ मळायला दोन जादा हात हवेच आहेत.

शनिवार ३० मेचा बेत ठरवला आहे. पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, साधा भात. तांदूळ १८ तारखेला भिजत घालते. चांदी नाही, समईवजा एक पितळी दिवा ओक ट्री रोडवरच्या दुकानात बघून ठेवला आहे. ताम्हन मात्र माझ्याकडचं फार लहान आहे, तेहतीस अनारसे त्यात मावणार नाहीत. कुणाकडे मोठं तांब्याचं असेल तर कळवा, शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जाईन आणि रविवारी अनारशांसकट परत करीन.

सुनीता