घरासाठी नवा डेस्कटॉप घ्यायचाय, हे कोटेशन कुणी तपासून सांगेल का? (नाशिक)

गोदाघाट:

नमस्कार मंडळी. घरचा कॉम्प्युटर चौथ्या जनरेशनच्या आय-थ्रीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून नवा घ्यायचा ठरवलाय. बजेट मॉनिटर धरून ४५ हजारांच्या आसपास.

कामं अशी: बाबांची ई-टेंडरं (डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लागतो), मराठी टायपिंग, मुलीचे अकरावीचे ऑनलाइन क्लास, यूट्यूब, फोनमधले फोटो साठवणं, लेझर प्रिंटर. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. घर पंचवटीत, जुन्या वाड्यात.

कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानातून आलेलं कोटेशन:

आय-थ्री १२१००एफ / एच६१० बोर्ड / जीटी ७३० ४ जीबी ग्राफिक्स कार्ड / ८ जीबी डीडीआर४ रॅम / २५६ जीबी एसएसडी / १ टीबी हार्ड डिस्क / कॅबिनेट विथ ४५० वॅट एसएमपीएस / २२ इंची मॉनिटर / ६०० व्हीए यूपीएस / विंडोज ११ "लोड करून".

यात काय बदलू? आय-फाइव्ह घ्यावा का?

पाना_पकड:

ताई, आय-फाइव्हची गरज नाही. १२१००ला ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत, तुमच्या यादीतलं एकही काम त्याला जड नाही. घोळ आहे तो त्या शेवटच्या "एफ"मध्ये. एफ असला की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, मग पडद्यावर चित्र यायला वेगळं कार्ड घालावंच लागतं. म्हणून तिथे जीटी ७३० आलंय. हे कार्ड २०१४चं. त्या पिढीचे नवे ड्रायव्हर २०२१पर्यंत थांबले आणि नंतरचे सुरक्षेचे अपडेटही आता बंद आहेत. यूट्यूबचे व्हिडिओ हल्ली व्हीपी९ आणि एव्ही१ या फॉरमॅटमध्ये येतात. ते कार्ड यातलं एकही स्वतः उलगडत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंगावतो आणि क्लास चालू असताना दुसरी खिडकी उघडली की अडखळतं.

साधा १२१०० घ्या, एफ नसलेला. त्याच्या आतलं यूएचडी ७३० ग्राफिक्स दोन्ही फॉरमॅट उलगडतं. दोन्हीकडे ७३० हा आकडा आलाय तो निव्वळ योगायोग आहे, एक इंटेलचं आणि एक एनव्हिडियाचं. कार्ड काढलं की जे पैसे वाचतील ते रॅम आणि एसएसडीत घाला. मग मॉनिटरची एचडीएमआय केबल बोर्डाच्या मागच्या पोर्टला लागेल.

दुकानदार कदाचित रायझन ५ ५६००जी सुचवेल. ६ कोअर, १२ थ्रेड, आतलं ग्राफिक्स १२१००पेक्षा तगडं. वाईट नाही. पण एव्ही१ तो हार्डवेअरवर उलगडत नाही, आणि गेम नसतील तर त्याच्या ग्राफिक्सचा जोर वायाच जातो. तुमच्यासाठी मी १२१००च म्हणेन.

रॅम १६ जीबी हवी. विंडोज ११ नुसतं सुरू झालं तरी तीन-चार जीबी धरून बसतं, आतलं ग्राफिक्सही त्यातच वाटा घेतं, आणि क्रोममध्ये क्लास, पीडीएफ आणि टेंडरची साइट एकदम उघडली की ८ जीबी संपते. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढलेत, त्यामुळे हात आखडला जाणार हे कबूल. बजेट ताणलं जात असेल तर आत्ता ८ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा, नंतर तशीच पट्टी जोडता येईल. एच६१० बोर्डांना सहसा दोनच स्लॉट असतात. ४ जीबीच्या दोन पट्ट्या मात्र घेऊ नका, उद्या वाढवताना दोन्ही काढाव्या लागतील.

"एच६१० बोर्ड" एवढंच लिहिलेलं मान्य करू नका, पूर्ण मॉडेल नंबर मागा. याच चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४चे असतात आणि काही डीडीआर५चे. पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही. जुन्या कॉम्प्युटरची रॅम डीडीआर३ असणार, ती इथे चालणार नाही. एम.टू स्लॉट (एसएसडी थेट बोर्डावर बसते ती जागा) आहे का तेही बघा. दुकानदाराने बाराव्याऐवजी चौदाव्या जनरेशनचा प्रोसेसर दिला तर बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) आधी अपडेट केलंय का विचारा. जुन्या बायोसवर तो बसवला की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते.

एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई (वेगवान जोडणीची), कंपनीचं नाव आणि मॉडेल बिलावर. एम.टू आकाराच्या काही एसएसडी आतून साटाच (जुन्या, हळू जोडणीच्या) असतात. त्यांचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकतो, साध्या जेन३ एनव्हीएमईचाही ३००० एमबीपर्यंत जातो. नवी १ टीबी हार्ड डिस्क काढून टाका. जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये बघा. "रीॲलोकेटेड सेक्टर्स" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळींच्या रॉ व्हॅल्यू शून्य असतील तर तीच फोटोंसाठी वापरा. शून्य नसतील तर आजच तिच्यातला डेटा दुसरीकडे हलवा, थांबू नका.

आणि "कॅबिनेट विथ एसएमपीएस" ही मला सगळ्यात खटकलेली ओळ. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागते तशी करून देणारा डबा. त्या एसएमपीएसच्या बाजूच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलेत ते वाचा आणि १२ने गुणा. खऱ्या ४५० वॅटच्या युनिटवर तिथे ३५-३७ अँपियर असतात, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे वॅट. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्यावर अनेकदा १४-१६ दिसतील, म्हणजे दोनशेच्याही आत. तुमची मशीन शंभर वॅटही क्वचितच ओढेल, तेव्हा प्रश्न ताकदीचा नाही. असल्या युनिटमधले कपॅसिटर हलके असतात आणि संरक्षणाचे भाग गाळलेले असतात. व्होल्टेज उसळलं की ते स्वतः जळताना बोर्ड आणि डिस्क बरोबर घेऊन जातं. एटी प्लस ब्राँझचं (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र असलेलं), नामांकित कंपनीचं ४०० ते ४५० वॅटचं वेगळं घ्या. कॅबिनेट कितीही साधं चालेल.

फेज_न्यूट्रल:

वरच्यांनी एसएमपीएसचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. पण वाडा म्हणालात, म्हणून अर्थिंग आधी तपासा. जुन्या वाड्यांत बऱ्याचदा दोनच तारांचं वायरिंग असतं आणि सॉकेट तीन पिनचं दिसलं तरी वरचं भोक कोरडं, म्हणजे अर्थची तार न जोडलेलं असतं.

इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तीन मापं घेऊन घ्या, मीटर एसी व्होल्टवर. सॉकेटकडे तोंड केलं तर फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर. फेज-न्यूट्रल साधारण २३०. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ ० ते ३ व्होल्टच्या आत.

अर्थ नसेल तर काय होतं ते सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ जोडलेला असेल तर त्यांतून येणारा थोडासा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा मधल्या व्होल्टेजवर, शंभर-सव्वाशेवर, तरंगत राहतो. अनवाणी पायाने मागचा स्क्रू किंवा यूएसबी पोर्ट हाताळला की मुंग्या येतात. "कॉम्प्युटर करंट मारतो" म्हणतात ते हेच. त्यात यूएसबी लावता-काढताना पोर्ट जातात, आणि तुमच्या घरी तर डोंगल रोज लावायचाय.

यूपीएस ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, तुम्हाला पुरतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. मॉनिटरसकट ८० वॅटच्या भारावर, बॅटरी नवी असताना, पंधरा-वीस मिनिटं धरा. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका. त्याचा फ्यूझर तापताना काही शे वॅट एकदम खेचतो, यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद पडतो आणि कॉम्प्युटरही जातो. प्रिंटर थेट भिंतीवर.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण "यूपीएस" मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

गोदाघाट:

दोघांचेही मनापासून आभार. आजच मापं घेतली. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ ८८. इलेक्ट्रिशियन म्हणाला, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. करू द्यावं का?

दुसरं, दुकानदार आता म्हणतोय की एवढं करण्यापेक्षा एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या, स्वस्तात होईल.

फेज_न्यूट्रल:

अजिबात करू देऊ नका! फेज-अर्थ ८८ म्हणजे तुमच्याकडे अर्थ नाहीच, मीटर नुसतं हवेतलं व्होल्टेज दाखवतंय. न्यूट्रल-अर्थ सॉकेटात जोडल्यावर कधी मेनचा न्यूट्रल तुटला, किंवा कुणी फेज-न्यूट्रल उलटे लावले, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतील. घरात मुलगी आहे. हे जिवावरचं काम आहे.

परवानाधारक माणसाकडून अंगणात अर्थपिट करून घ्या आणि तिथून हिरवी तार कॉम्प्युटरच्या सॉकेटपर्यंत आणा, तांब्याची, किमान १.५ चौरस मिमी. नळाच्या पाइपाला अर्थ बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मध्ये एक प्लास्टिकचा तुकडा आला की अर्थ संपला, आणि पाण्याच्या नळाला करंट. वाड्यात इतर बिऱ्हाडं असतील तर एक पिट सगळ्यांना वापरता येईल, खर्च वाटला जाईल. मेन बोर्डवर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं स्विच) बसवता आली तर तीही बसवा. आधी हे करा, कॉम्प्युटर आठ दिवसांनी आला तरी चालेल.

काना_मात्रा:

मिनी पीसीबद्दल. एन१०० हा ४ कोअरचा, ६ वॅटचा प्रोसेसर. टायपिंग, यूट्यूब, एकच क्लास एवढंच असतं तर हो म्हणालो असतो, वीजही फार कमी खातो. पण त्याला मेमरीचं एकच चॅनल असतं, बहुतेक मॉडेलांत रॅमचा एकच स्लॉट, काहींत रॅम बोर्डावरच पक्की. तुमच्याकडे एकाच वेळी दोन माणसांची कामं चालणार आहेत. शिवाय तो बिघडला की प्रोसेसरपासून बोर्डापर्यंत सगळं एकच असतं, सुटा भाग इथे बदलून मिळत नाही. डेस्कटॉपच घ्या.

विंडोज "लोड करून" म्हणजे काय ते दुकानदाराला स्पष्ट विचारा. परवाना नसलेली विंडोज ज्या ॲक्टिव्हेटरने चालू करतात तो चालावा म्हणून अनेकदा अँटिव्हायरस बंद करून ठेवतात. ज्या मशीनवर बाबांची डिजिटल सिग्नेचर लागणार तिथे हे चालणार नाही. परवान्यासह होम एडिशन घ्या, बिलात वेगळी ओळ हवी. लिनक्स मिंट मोफत आहे आणि मला आवडतं, पण डोंगलचे ड्रायव्हर आणि टेंडरच्या साइटी विंडोजवर बिनबोभाट चालतात, त्यामुळे इथे विंडोजच.

मराठीसाठी विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रिजन, तिथे मराठी जोडा. त्याच्या ऑप्शन्समध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन कीबोर्ड मिळतात. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते. रोज पानंच्या पानं टाइप करायची असतील तर इनस्क्रिप्ट शिका. क आहे के वर, हलन्त डी वर, काना ई वर, आणि स्वर सगळे डाव्या हाताला. दहा-बारा दिवस बोटं अडखळतात, मग फोनेटिकपेक्षा कमी बटणं दाबावी लागतात.

जुन्या मशीनवर मराठी फायली असतील तर एक गोष्ट आत्ताच बघा. त्या युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर नव्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. जुनं मशीन देऊन टाकण्याआधी त्यातले फॉन्ट कॉपी करून घ्या, म्हणजे फायली निदान वाचता येतील. युनिकोडमध्ये बदलून घेणं मग सवडीने करा.

पाना_पकड:

मॉनिटरचं राहिलं होतं. २२ इंचीपेक्षा २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनल बघा. टीएन पॅनल बाजूने बघितलं की रंग उडतात, आणि क्लासच्या वेळी दोघी शेजारी बसल्या तर ते जाणवेल. जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल तरी टाकू नका. बऱ्याच एच६१० बोर्डांना व्हीजीए पोर्ट असतो, तो दुसरा पडदा म्हणून लागेल.

दुकानात मशीन जोडून झाली की पैसे देण्याआधी तिथेच बसून एवढं बघा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारली की रॅम किती, वेग किती आणि किती स्लॉट वापरात ते दिसतं. तिथेच सीपीयूच्या नावात एफ नाही ना ते वाचा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये नव्या एसएसडीचे "पॉवर ऑन अवर्स" एक-दोन तास असायला हवेत. शेकड्यात असतील तर ती वापरलेली आहे, परत करा. विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी चालवा (टीपीएम म्हणजे विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय), आवृत्ती २.० आणि "रेडी फॉर यूज" दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर बायोसमध्ये इंटेल पीटीटी चालू करायला सांगा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण कुठेही नको. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन "ॲक्टिव्ह".

शेवटी यूपीएसला मशीन आणि मॉनिटर लावा, चालू असताना यूपीएसची पिन भिंतीतून काढा. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं आणि काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींशी त्याचं जमत नाही, पिन काढताच मशीन बंद होते. तसं झालं तर यूपीएस तिथल्या तिथे दुसरा मागा, घरी नेल्यावर तो बदलून मिळणं अवघड.

बिल जीएसटीचं, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहिलेलं. बोर्ड, एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर सगळ्यांची वॉरंटी वेगवेगळी असते आणि ती त्या नंबरावरच मिळते. बोर्डाचं खोकं आणि एसएमपीएसच्या जास्तीच्या केबल घरी आणा. बदललेलं कोटेशन आलं की इथे टाका, मॉडेल नंबरांसकट. बघून सांगतो.