ग्रीन हायड्रोजन आधी खताला द्या, गाड्यांचं नंतर बघू

ऊसपट्टा_करवीर:
ग्रीन हायड्रोजन म्हणजे सोलर-पवनचक्कीच्या विजेनं पाणी फोडून केलेला हायड्रोजन. केंद्रानं २०२३ मध्ये त्याच्या मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन करायचंय. आमच्या ग्रुपवर हे आलं की लगेच हायड्रोजनवरच्या एसटीच्या गप्पा सुरू. अरे पण आज देशातला हायड्रोजन जातोय कुठं? रिफायनरीत आणि खतात. खताच्या अमोनियाला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक गॅसपासनं होतोय, त्यातला बराच गॅस बाहेरनं आणायचा, वर किलोभर हायड्रोजनमागं नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड. युरियाची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशाला मिळते, बाकीचे सरकार भरतंय. पहिला मान खताचाच.

शिरोली_फौंड्री:
दादा, एक किलो हायड्रोजनला ५०-५५ युनिट वीज जाते. तेवढ्यात शेतीपंप किती चालतील बघा की. रात्री दोनला मोटर चालू करायला बॅटरी घेऊन बांधावरनं जाणाऱ्या माणसाला आधी दिवसा वीज द्या, मग हायड्रोजन. आमची लोखंड वितळवायची इंडक्शन फर्नेस पण थेट विजेवरच चालते, मधे हायड्रोजन कशाला घालायचा?

ऊसपट्टा_करवीर:
पंपाचं शंभर टक्के मान्य. पण भावा, भट्टीला, पंपाला, गाडीला वीज थेट देता येते, अमोनियाला न्हाई येत. १०० किलो अमोनियात साडेसतरा किलो हायड्रोजनच असतोय, तो कुठनं तरी आणायलाच लागणार, म्हणून तर म्हणतोय की गाडीत घालून वाया घालवू नका.

केमिस्ट्रीची_बाई:
युरिया म्हणून सरसकट बोलू नका. त्याला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइड पण लागतो, आत्ता तो त्याच गॅसमधून मिळतो. गॅस बंद केला तर तो आणणार कुठून? डीएपी या अमोनिया आणि फॉस्फेटच्या खताला ही अडचण नाही, सुरुवात तिथून करा. युरियासाठी आपल्या डिस्टिलऱ्यांकडे बघता येईल, मळी आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी शुद्ध असतो आणि तो उसानं हवेतूनच घेतलेला असतो. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी तो तसाच सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिरोली_फौंड्री:
डीएपीचं पटलं मॅडम. पण हायड्रोजनचा प्लांट रात्री कोळशाच्या विजेवर चालवला तर गॅसपेक्षा कितीतरी जास्त धूर होणार. ग्रीन हायड्रोजनच्या सरकारी व्याख्येत किलोभर हायड्रोजनमागं २ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आहे, पण ती १२ महिन्यांची सरासरी. मला सरासरी नको, तासातासाचा हिशोब पायजे आणि वीज नव्या सोलर-पवनचक्कीचीच पायजे, आमच्या वाट्याची न्हाई.