हिस्पॅनिक अमेरिकेची राजधानी कुठली? माझं मत सॅन अँटोनियोला

शेंगदाणाकूट
परवा मित्रांच्या घरी जेवताना वाद पेटला, तो अर्धवट राहिला म्हणून इथे आणतोय. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांचं, म्हणजे ज्यांची नाळ स्पॅनिशभाषक देशांशी आहे त्यांचं, खरं शहर कोणतं? एकजण मायामी म्हणत होता, दुसरा लॉस एंजेलिस. मी नऊ वर्षं एल.ए.त काढली, गेली सहा वर्षं सॅन अँटोनियोत आहे. माझं मत बिनदिक्कत सॅन अँटोनियोला.

वस्ती १४ लाखांच्या वर, त्यात सुमारे ६४ टक्के हिस्पॅनिक. पण नुसत्या टक्क्यांवर जायचं तर सीमेवरचं लारेडो ९५ टक्के आहे, त्याला कोणी राजधानी म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. इथलं पहिलं मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांचा मठ, १७१८ चं, आणि टेक्सास अमेरिकेत सामील झालं १८४५ मध्ये. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडलं' अशी एक घोषणा इकडे आहे, ती या गावाला शब्दशः लागू पडते. १९३८ मध्ये पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा) सोलणाऱ्या सुमारे १२ हजार कामगारांनी, त्यात बहुतेक मेक्सिकन बायका, मजुरी कापली म्हणून संप केला. पुढे होती २१ वर्षांची एमा तेनायुका. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं पहिलं स्पॅनिश टीव्ही केंद्र इथलं, १९५५ चं. आजच्या युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीचं मूळ तेच. हेन्री सिस्नेरोस १९८१ मध्ये महापौर झाले. एल.ए.ला १८७२ नंतर हिस्पॅनिक महापौर मिळायला २००५ उजाडलं!

आणि सकाळचा टाको. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीत पहाटे एक आजी कणकेचा गोळा घेते, चार हात फिरवून लाटते, तव्यावर टाकते, फुगली की नुसत्या बोटांनी उलटते. आई आली होती तेव्हा बघतच राहिली. "अरे, ही तर मैद्याची पोळी!" बटाटा-अंड्यातलं अंडं वगळून बटाटा-बीन्स घेतला तिने, आणि परत जाईपर्यंत रोज तोच.

ओलीभेळ
पोळी फुगली म्हणून राजधानी? मग आमचं सोलापूरही शर्यतीत घ्या.

मायामीत अकरा वर्षं आहे. फरक एका वाक्यात सांगते: बाकी अमेरिकेत स्पॅनिश ही भांडी घासणाऱ्याची भाषा समजतात, इथे ती कर्ज मंजूर करणाऱ्याची आहे. डॉक्टर, वकील, बिल्डर, नगरसेवक, सगळे आधी स्पॅनिशमध्ये सुरू होतात, तुमचा चेहरा बघून इंग्रजीवर येतात. माझा चेहरा बघून तर येतही नाहीत, मला कोलंबियन समजतात. मायामी शहरात सुमारे ७० टक्के हिस्पॅनिक, शेजारच्या हायालियात जवळजवळ सगळेच.

हे फुकट मिळालेलं नाही. १९८० मध्ये क्युबातल्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख क्युबन बोटींनी आले, आणि त्याच वर्षी इथल्या मतदारांनी सरकारी कामकाज फक्त इंग्रजीत असा ठराव केला. तो १९९३ मध्ये रद्द झाला. रद्द करणारे कोण, तर तोवर सत्तेत पोचलेले तेच लोक.

आणि खाण्यावरच यायचं असेल तर खिडकीवरची कोलादा. हॉटेलच्या भिंतीत रस्त्याकडे एक खिडकी असते, तिला व्हेंतानिता म्हणतात. एका पेल्यात कडक, साखर फेटलेली कॉफी मिळते, सोबत अंगठ्याएवढे प्लास्टिकचे कप. ती एकट्याने प्यायची नसतेच. ऑफिसात आणायची आणि वाटायची. कटिंगची सख्खी बहीण. त्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभं राहिलं की अख्ख्या दक्षिण अमेरिकेचं राजकारण कळतं, पेपर नको.

शेंगदाणाकूट
@ओलीभेळ, सोलापूरच्या कडक भाकरीबद्दल नंतर भांडू.

तुमच्या मायामीचं यश मान्य, पण त्यामागे कायदाही होता हे सांगायला विसरलात. १९६६ च्या कायद्याने क्युबनांना अमेरिकेत पाय ठेवून काही काळ राहिलं की ग्रीन कार्डाचा रस्ता मोकळा होता. पहिल्या लाटेत आलेले बरेचसे शिकलेले, धंदेवाले. सॅन अँटोनियोच्या मेक्सिकन मजुराला असा लाल गालिचा कोणी अंथरला? शिवाय तुमच्याकडे निम्मे लोक मनाने अजून हवानात राहतात. परत जायची बॅग दारात ठेवून बसलेल्यांचं शहर ते.

ओलीभेळ
बॅग दारात ठेवून साठ वर्षं झाली. त्या बॅगेवर आता नातवंडं उड्या मारतात. कायद्याचं बरोबर आहे, ते मानते.

पोटमाळा
एल.ए. सोडून गेलेल्या माणसाने एल.ए.ला नावं ठेवणं साहजिक आहे. पण निदान आकडे तरी पुरे द्या. लॉस एंजेलिस काउंटीत (म्हणजे शहर धरून अख्ख्या जिल्ह्यात) सुमारे ४८ लाख हिस्पॅनिक राहतात, देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. तुमच्या अख्ख्या शहराच्या तिपटीहून अधिक.

'चिकानो', म्हणजे मेक्सिकन वंशाचा अमेरिकन, हा शब्द शिवी होता, तो छाती पुढे काढून म्हणायला लागले ते प्रामुख्याने इथे. १९६८ मध्ये ईस्ट एल.ए.च्या शाळांतली हजारो पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मागण्या साध्या होत्या: आमचा इतिहास शिकवा, आम्हाला फक्त सुतारकामाला लावू नका. १९७० च्या ऑगस्टात व्हिएतनाम युद्धविरोधी मोर्च्याच्या दिवशी पत्रकार रुबेन सालाझार पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने गेले.

एक जागा दाखवतो. ओल्व्हेरा स्ट्रीट ही १९३० मध्ये पर्यटकांसाठी नटवलेली 'जुनी मेक्सिकन गल्ली'. तिथे १९३२ मध्ये सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराला भिंत रंगवायला दिली. मागवणाऱ्यांना केळीची झाडं आणि पोपट हवे होते. त्याने मधोमध क्रुसावर बांधलेला आदिवासी रंगवला आणि वर अमेरिकन गरुड. लवकरच चुना फासला. पुढे उन्हापावसाने चुना झिजला आणि चित्र भुतासारखं वर यायला लागलं. २०१२ पासून ते लोकांना बघता येतं. मी पाहुण्यांना आधी तिथे नेतो, हॉलिवूड नंतर.

तरी स्वतःच्या शहराविरुद्ध एक मुद्दा देतो, कारण तो खरा आहे. माझ्या ऑफिसातला एकजण मेक्सिकोतल्या वाहाका राज्याचा. त्याची आजी घरी झापोटेक ही आदिवासी भाषा बोलते, स्पॅनिश तिला मोडकंतोडकं येतं. जनगणनेत ती 'हिस्पॅनिक'. वाहाकावाल्यांना बाकीचे मेक्सिकन खालच्या नजरेने बघतात. २०२२ मध्ये नगरपरिषदेच्या हिस्पॅनिक अध्यक्षबाईंची चोरून ध्वनिमुद्रित झालेली बोलणी बाहेर आली, त्यात या लोकांची टिंगल होती. राजीनामा द्यावा लागला.

सात_नंबर
न्यूयॉर्क कोणालाच आठवलं नाही? काउंटीचा खेळ सोडा. शहराच्या हद्दीत मोजलं तर सर्वांत जास्त हिस्पॅनिक न्यूयॉर्कात, सुमारे २५ लाख.

तुमच्या प्रत्येक शहरात एक मोठा भाऊ आहे. मायामीत क्युबन, बाकी दोन्हीकडे मेक्सिकन. इथे प्वेर्तो रिकनांना मागे टाकून डॉमिनिकन पुढे गेले, पाठोपाठ मेक्सिकन, एक्वादोरी, कोलंबियन, आणि कोणाचंच एकट्याचं चालत नाही. म्हणून तर साल्सा संगीत इथे पिकलं. ठेका क्युबाचा, वाजवणारे बहुतेक प्वेर्तो रिकन. १९६४ मध्ये फानिया रेकॉर्ड्स ही साल्साची कंपनी काढली ती डॉमिनिकन जॉनी पाचेको आणि इटालियन वंशाचा वकील जेरी मासुची यांनी. हे सॅन अँटोनियोत झालं असतं का?

मी जॅक्सन हाइट्सला राहतो. ७४ व्या रस्त्यावर आपली साड्या-सोन्याची दुकानं, आठ गल्ल्या पुढे ८२ व्या रस्त्यावर कोलंबिया, वरून सात नंबरची गाडी धडधडत जाते. आमच्या वाण्याकडे भाजी लावणारा एक्वादोरचा पोरगा कढीपत्त्याला 'कडीपत्ता' म्हणतो आणि गिऱ्हाईक त्याला 'मास' म्हणून अजून मागतं. पुलाखाली अरेपा (मक्याची जाड भाकरी) विकणाऱ्या बाईपाशी रात्री अकराला रांग असते, त्यात आपली मंडळी पण.

बडोदेकर
मी अमेरिकेत कधी आलो नाही, पण या विषयात जन्मलो. बडोद्याचा मराठी, घरात पाचवी पिढी. आम्हीही स्थलांतर करून आलो की गायकवाडांबरोबर राज्यच आलं, यावर आमच्याकडे कायम वाद.

शेंगदाणाकूट, एक सरळ प्रश्न. तुमच्या सॅन अँटोनियोत तिसऱ्या-चौथ्या पिढीची पोरं स्पॅनिश बोलतात का?

ओलीभेळ
मी सांगते. त्यांचे माजी महापौर हुलियान कास्त्रो, त्यांनाच सफाईदार येत नाही. राजधानी म्हणे!

शेंगदाणाकूट
खरं आहे. बरीच पोरं बोलत नाहीत. पण का, तेही ऐका. शेजारच्या आजोबांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या खाव्या लागल्या. टेक्सासात ही जुनी रीतच होती. त्यांनी ठरवलं, माझ्या पोरांवर ही वेळ नको. पोरांशी इंग्रजीच बोलले. आता नात कॉलेजात पैसे भरून स्पॅनिश शिकते आणि आजोबा तिचा उच्चार ऐकून हसतात. तुमच्या क्युबनांची भाषा टिकली, कारण त्यांना छडी मारायला मास्तर उरले नव्हते.

ओलीभेळ
छडीचं वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि राजधानी वेगळी. जिथे भाषा लपवावी लागली ते गाव फार तर माहेर म्हणा.

पोटमाळा
ओलीभेळ, छड्या इथेही होत्या बरं का. ६८ च्या पोरांच्या मागण्यांत तोही विषय होता.

बडोदेकर
आमच्याकडे शिव्या आणि स्वयंपाक मराठीत राहिला, हिशेब गुजरातीत गेला.

शेंगदाणाकूट
इथे हिशेब इंग्रजीत. शिव्या अजून स्पॅनिशच, आजोबांची नातसुद्धा.
मत बदलत नाही माझं. माहेर तर माहेर.

सात_नंबर
ते राहू द्या. पुढच्या महिन्यात कामासाठी सॅन अँटोनियोला येतोय. त्या बटाटा-बीन्सवाल्या टपरीचा पत्ता व्यनि करा.

शेंगदाणाकूट
केला. आठच्या आत जा, नंतर आजी उठून जाते आणि मशीनची पोळी मिळते.